नाकाबंदीवरच्या माणसाला घरी पोचू द्या : पोलीस दलाच्या वरिष्ठांना खुले पत्र

प्रति,
शहर पोलीस दलातील वरिष्ठ अधिकारी,
पुणे

स. न. वि. वि.

२१ ऑक्टोबरचा पोलीस स्मृतिदिनाचा कार्यक्रम यंदाही शिस्तीत पार पडला. बिगुल, शोकशस्त्र, वर्षभरात देशभर कर्तव्यावर मरण पावलेल्यांची नावं, हवेत फैरी. यादी लांब असते आणि ती संपेपर्यंत मैदानावर कोणी चुळबूळ करत नाही. इतकी शांतता दुसऱ्या कुठल्या सरकारी कार्यक्रमात मी पाहिलेली नाही. त्यामुळे कार्यक्रमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार २२ ऑक्टोबरपासून सुरू होते.

त्याच आठवड्यात रात्री उशिरा दुकान बंद करून घरी निघालो होतो. एका पुलाच्या उतारावर नाकाबंदी लागली होती. दोन बॅरिकेड, त्यावर दिवा नाही. खांबावरचा दिवाही बंद. दोन अंमलदार उभे. एकाच्या अंगात फ्लुरोसंट जॅकेट होतं, पण त्याच्या चंदेरी पट्ट्यांचे पोपडे निघालेले. दुसऱ्याच्या अंगावर नुसती खाकी. स्कूटरच्या उजेडात मला आधी बॅरिकेड दिसलं आणि मग त्यामागचा माणूस. ठिकाण मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही दखल घ्याल, आणि दखल म्हणजे त्या दोघांना मेमो. त्यांचा यात दोष काडीचा नव्हता, म्हणून पत्र तुम्हाला लिहितोय.

मी शिंपी आहे. शिवाजीनगरच्या पोलीस लाइनीजवळ आमचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं. गिऱ्हाईक बहुतेक खाकीचं. भरती होऊन आलेला पोरगा तिसाच्या कमरेचा असतो; रात्रपाळ्या, बंदोबस्तावरची पाकिटं आणि अवेळचा चहा, की काही वर्षांत तीच कंबर अडतीसवर जाते. म्हणून मी मागच्या शिवणीत पहिल्यापासूनच माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल असं कापड, जास्त सोडतो. माप घेताना माणूस बोलतो. रजा नामंजूर झाली, मुलाची ॲडमिशन राहिली, क्वार्टरचं छत गळतंय, सगळं टेपच्या दोन टोकांमध्ये ऐकायला मिळतं. खात्याचं मला जे कळतं ते एवढंच. पण हे तुमच्या टेबलापर्यंत पोचत असेल असं वाटत नाही.

दुसरं नातं घरातलं. माझे दाजी हवालदार होते. पुण्यात नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि ठाण्याचं नाव सांगायला त्यांची परवानगी नाही. नाकाबंदीवर उभे असताना एका मोटारीने त्यांना बॅरिकेडसकट फरफटत नेलं. जीव वाचला. डाव्या पायात रॉड आहे, मांडी बारीक झाली आहे. त्यांच्या पॅन्टचा डावा पाय मी वेगळ्या मापाने बेततो आणि आतून जादा अस्तर लावतो, कारण उभं राहिल्यावर दोन्ही पाय सारखे दिसले पाहिजेत ही त्यांची अट असते. अपघातानंतर त्यांनी बैठं काम करून निवृत्ती घेतली. वैद्यकीय बिलांसाठी ताई त्या कार्यालयात इतक्या खेपा घालायची, की तिथल्या शिपायाला आमच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण गेलं. दाजींचं नाव कुठल्याही २१ ऑक्टोबरला वाचलं जाणार नाही, कारण ते मेले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो.

हा स्मृतिदिन १९५९ सालचा. लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला बेपत्ता सहकाऱ्यांना शोधायला गेलेल्या तुकडीवर चिनी सैन्याने गोळीबार केला, त्यात दहा पोलीस गेले. पुढच्या वर्षापासून देशभर हा दिवस पाळायचं ठरलं. स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांचा आकडा आता ३६ हजारांच्या वर आहे. त्यात तुकाराम ओंबळे आहेत, ज्यांचं नाव महाराष्ट्रात शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण प्रत्येक वेळी समोर बंदूकवालाच असतो असं नाही. पुण्यातला एकच आठवडा आठवा. ५ जुलै २०२४, शुक्रवार : बुधवार चौकाच्या भागात दारू प्यायलेल्या चालकावर कारवाई करणाऱ्या वाहतूक शाखेच्या महिला उपनिरीक्षकांच्या अंगावर पेट्रोल टाकून पेटवायचा प्रयत्न झाला. ८ जुलै, सोमवारची पहाट : बोपोडीत हॅरिस पुलाजवळ गस्तीवरच्या दोन बीट मार्शलना भरधाव मोटारीने उडवलं. एक जण गेले, दुसरे जखमी झाले. पुढच्याच महिन्यात ससाणेनगरला रस्त्यावरचं भांडण सोडवायला गेलेल्या सहायक निरीक्षकांच्या डोक्यात कोयता घातला गेला.

बोपोडीचा चालक पळून गेला होता, तुम्ही त्याला पकडलंत. गुन्हा दाखल झाला, कायद्याचं काम सुरू झालं. ठीक. पण ती चौकशी चालकाची. दुसरी एक चौकशी असते, तिचं काय झालं ते आम्हा नागरिकांसमोर कधी आलं नाही. त्या जागी उजेड किती होता? गस्तीची मोटारसायकल मागून किती अंतरावरून दिसते? त्या दोघांची ड्युटी कधी सुरू झाली होती? त्या रात्रीनंतर गस्तीच्या पद्धतीत काय बदललं? रेल्वेचा मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली असतात, म्हणजे रेल्वेने स्वतःच स्वतःला तपासू नये. ते कारण लिहितात, शिफारशी लिहितात. रस्त्यावर मेलेल्या पोलिसाच्या वाट्याला पुष्पचक्र येतं, सानुग्रह मदत येते, अनुकंपावर एखादी नोकरी येते. नेमकं काय चुकलं आणि पुन्हा चुकू नये म्हणून काय केलं, हे कागदावर येत असेल तर तो कागद दाखवा.

नाकाबंदीचं गणित साधं आहे. ८० च्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे दिसून, कळून, ब्रेकवर पाय पडेपर्यंत सव्वा ते दीड सेकंद जातो, तोही शुद्धीत असलेल्या माणसाचा. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच तीसेक मीटर संपले, आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला पुढे आणखी तेवढेच. दिवा नसलेलं बॅरिकेड डिपरच्या उजेडात चाळीस-पन्नास मीटरवर कसंबसं दिसतं. वजाबाकी करा. चालक दारू प्यायलेला असेल तर वजाबाकीचीही गरज नाही, आणि नाकाबंदी तर त्याच्यासाठीच लावलेली असते! अशा जागी खाकीतला माणूस उभा करणं म्हणजे गाडी थांबवण्यासाठी त्याचंच बॅरिकेड करणं.

यातच झाडामागून एकदम पुढे येऊन दुचाकी अडवायची, हँडल धरायचं, किल्ली काढून घ्यायची, ही पद्धतही आली. पुणेकर यावर वर्षानुवर्षं विनोद करतो. पण अचानक अडवलेला दुचाकीवाला घसरतो, मागून येणारा टेम्पो त्याला टाळायला वळतो आणि अंमलदाराला चाटून जातो. दुचाकीवाल्याचा जीव आणि अंमलदाराचा जीव इथे एकाच दोरीला बांधलेले आहेत. सुरक्षा सप्ताहाच्या फलकावर नागरिक आणि पोलीस वेगवेगळ्या चौकटीत का असतात, मला कळत नाही.

जॅकेटबद्दल मला थोडं जास्त कळतं, म्हणून थोडं जास्त लिहितो. उजेड परत फेकणारी चंदेरी पट्टी म्हणजे कापडावर बसवलेले काचेचे अतिसूक्ष्म मणी. ब्रशने घासलं, कडक उन्हात वाळवलं, वरून गरम इस्त्री फिरवली, की मणी झडतात. उरतं ते राखाडी कापड. दिवसा ते जॅकेट अजून पिवळंधमक दिसतं, म्हणून साहेबांच्या पाहणीत पास होतं. रात्री हेडलाइट पडला की त्यात आणि जुन्या रेनकोटात फरक राहत नाही. चांगल्या जॅकेटच्या आतल्या लेबलावर किती धुण्यांपर्यंत पट्टी चालेल ते छापलेलं असतं. ते लेबल वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. माझ्याकडे अंमलदार स्वतःच्या पैशाने बोहरी आळीतून मीटरवर पट्टी आणतात आणि म्हणतात, मास्तर, एवढी शिवून द्या. मी शिवून देतो, मजुरी घेत नाही. पण शहरातल्या गस्तीची सुरक्षा एका शिंप्याच्या भिडेवर चालावी, हे बरं नव्हे. तपासायचं असेल तर एक सोपा उपाय सांगतो : रात्री हजेरीच्या वेळी मैदानातले दिवे घालवा आणि पन्नास पावलांवरून जीपचा हेडलाइट टाका. कोण दिसतो, कोण दिसत नाही, ते तुम्हीच मोजा.

तासांचं मी नव्याने काय सांगू. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यावरून. म्हणजे करून पाहिलेली गोष्ट आहे. पुण्यात विसर्जन मिरवणूक तीस तासांच्या आसपास चालते. ढोल-ताशाची पथकं बदलतात, टिळक रोडवरची गर्दी बदलते, कोपऱ्यावरचा अंमलदार मात्र तोच. त्यानंतर तोच माणूस मोटारसायकलवरून घरी जातो, हडपसरला नाहीतर त्याही पुढे. बंदोबस्त संपल्यावर घरी जाताना झालेला अपघात कर्तव्यावरचा धरायचा की नाही, यावर कार्यालयात खल होतो. त्याला दमवलं कोणी, याचा उल्लेख त्या फायलीत कुठेही नसतो. कोविडच्या लाटांत राज्यातले शेकडो पोलीस गेले. तेव्हा पंचावन्नपुढच्यांना रस्त्यावरून मागे घ्यायची अक्कल खात्याला सुचली होती. म्हणजे मनात आणलं तर ड्युटी बदलता येते.

चौकीबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी आणि ती तुम्हाला टोचेल. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. तिला वाचवलं ते रस्त्यावरच्या पोरांनी, अभ्यासिकेत शिकणाऱ्या पोरांनी. पेरुगेट पोलीस चौकी तिथून हाकेच्या अंतरावर होती. तिथल्या तीन जणांना तुम्ही निलंबित केलंत. चौकीत माणूस नव्हता याची शिक्षा झाली, ते योग्यच. पण चौकीत माणूस का नव्हता, याचं उत्तर निलंबनात नाही. एका चौकीला किती माणसं मंजूर, प्रत्यक्षात किती, त्यातली किती कोर्टात, किती बंदोबस्ताला, किती साहेबांच्या दिमतीला, हा हिशेब एकदा लोकांसमोर मांडा. कुलूप लावलेली चौकी ही नागरिकाला जितकी धोक्याची, तितकीच एकट्याने उघडी ठेवलेली चौकी आतल्या अंमलदाराला धोक्याची. हे मी माझ्या गिऱ्हाइकांकडून ऐकतो. महिला अंमलदार तर स्पष्टच सांगतात, की रात्री एकटीने चौकी सांभाळताना पहिली काळजी आतल्या कडीची असते.

बैठकांचंही तसंच. शांतता समिती आठवते ती गणपतीच्या तोंडावर. पुढच्या खुर्च्यांवर मंडळांचे अध्यक्ष, माजी नगरसेवक आणि तेच चार चेहरे. चहा होतो, सत्कार होतो, ‘पोलिसांना सहकार्य करा’ होतं. आमच्या गल्लीतला बंद दिवा, शाळेसमोर पुसलेले झेब्रा पट्टे, रात्री अकरानंतर टपरीमागे जमणारं टोळकं, हे सांगायला घरकाम करणारी बाई, रिक्षावाला, वॉचमन तिथे नसतो. रात्री रस्त्यावर पोलिसांखेरीज हीच माणसं असतात. त्यांना विचारलंत तर नाकाबंदी कुठे लावावी आणि कुठे लावू नये, हे ते नकाशा न बघता सांगतील.

हे पत्र तुमच्याबरोबर पुणेकरही वाचणार, म्हणून त्यांनाही दोन शब्द. बोपोडीनंतर मोबाइलवर मेणबत्त्यांची चित्रं लावणाऱ्यांत माझी ओळखीची माणसं होती. त्यातलेच काही जण पार्टीनंतर ‘दोनच पेग’ म्हणून स्टिअरिंगला बसतात आणि अडवलं की मामांना, काकांना, भाऊंना फोन लावतात. ओळख सांगून सुटलेला प्रत्येक जण पुढच्या चौकातल्या अंमलदाराकडे गाडी घेऊन जातो. कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा आपण सगळे चिडलो. अल्पवयीन मुलाने गाडीने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, हे तेव्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहावीतली किती पोरं स्कूटर काढतात ते जरा पाहा. आणि हेल्मेट! जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढणारं शहर आहे आपलं. मी मोर्चात नव्हतो, पण तेव्हा मोर्चावाल्यांचे सदरे शिवत होतो, त्यामुळे फार बोलत नाही.

आता मागण्या. पैसे लागणाऱ्या कमी आहेत, मनावर घ्यायच्या जास्त.

१. कर्तव्यावर पोलिसाचा मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली, की गुन्ह्याच्या तपासाबरोबर स्वतंत्र सुरक्षा चौकशी करा. ती त्या ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याने, रस्ते सुरक्षेतला जाणकार बरोबर घेऊन करावी. जागा, उजेड, साधनं, ड्युटीचे तास, आणि त्यानंतर काय बदललं, एवढं दोन पानांत तीन महिन्यांच्या आत जाहीर करावं. कुटुंबाचं नाव-गाव त्यात नको. पहिली चौकशी बोपोडीची करा; उशीर झाला आहे, पण जागा तिथेच आहे.

२. नाकाबंदीसाठी लेखी नियम लावा : वळणावर, पुलाच्या उतारावर, बंद दिव्याखाली नाही, येणाऱ्या बाजूला आधी लुकलुकता दिवा आणि शंकू, मग दिवे चालू ठेवून आडवी उभी केलेली गाडी, तिच्या मागे माणूस. यातलं काही नसेल तर अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद करून उभं राहायला नकार द्यावा आणि त्यासाठी त्याला मेमो मिळू नये. हे शेवटचं वाक्य आदेशात लिहून द्या, तोंडी चालणार नाही.

३. जॅकेट माणशी एक, पाळीला एक नव्हे. पट्टी गेली की बदलून.

४. मोठ्या बंदोबस्तानंतर सलग बारा तास विश्रांती झाल्याखेरीज रात्रगस्त किंवा ड्रायव्हिंग नाही. लांब राहणाऱ्यांना घरी पोचवायला गाडी. विसर्जनाला जनरेटर, मांडव आणि पाण्याच्या टँकरची सोय होते, एक बस होणार नाही का?

५. जखमी अंमलदाराची बिलं, रजा आणि पुढची नेमणूक यासाठी एक अधिकारी नेमून द्या, त्याचा फोन नंबर घरच्यांकडे असू द्या. बायकोने खेपा घालायच्या नाहीत. आणि २१ ऑक्टोबरला, नावं वाचून झाल्यावर, वर्षभरात जायबंदी झालेल्यांना मैदानावर पहिल्या रांगेत खुर्ची द्या. दाजींना मी हे विचारलं. ते म्हणाले, खुर्ची नको, उभा राहीन.

६. प्रत्येक चौकीबाहेर फळा : आज ड्युटीवर कोण, कधीपर्यंत, चौकी बंद असेल तर जवळची उघडी चौकी कोणती. रात्री एकटं कोणीही नाही. ११२ ला फोन लावल्यावर गाडी किती वेळात आली, याची ठाणेवार सरासरी दर महिन्याला त्याच फळ्यावर.

७. दर महिन्याला एका चौकीत रात्री नऊ वाजता बैठक, कारण कामकरी माणूस तेव्हा मोकळा होतो. सत्कार बंद. मागच्या बैठकीत कोणी काय मागितलं आणि त्याचं काय झालं, हे वाचून सुरुवात. बंद दिवा महापालिकेचा असेल तर कोणत्या तारखेला, कोणाला पत्र दिलं ते सांगा.

यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीला मंत्रालयाची वाट पाहायची गरज नाही. एका आदेशात, एका आठवड्यात होण्यासारखं काम आहे. बाकीच्यांना वेळ लागेल हे मला समजतं.

पुढच्या २१ ऑक्टोबरच्या आधी या सातपैकी काय झालं, काय होणार नाही आणि का होणार नाही, हे एका पानावर छापून शिवाजीनगर मुख्यालयाच्या फाटकावर लावा. ‘नाही’ असं उत्तर असलं तरी चालेल, सही मात्र असू द्या. मी वाचायला येईन, दाजींना घेऊन.

आपला,
पोलीस लाइनीजवळचा एक शिंपी
शिवाजीनगर, पुणे